नांवाचा धनी कोण?

मूल जन्मास आलें म्हणजे बाराव्या दिवशीं त्याचें बारसें होतें, आत्या त्याच्या कानांत नांव सांगते, आणि तेवढ्यानें तें नांव त्याचें होऊन जातें. त्याच आळींत त्याच नांवाचीं आणखी चार मुलें असलीं तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. दुकानाच्या बारशाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथें नांव एकाचें झालें कीं दुसऱ्यास तें वर्ज्य व्हावें अशी धन्याची इच्छा असते. तो मुहूर्त पाहून पाटी लावतो, सरकारदरबारीं नोंद करतो, आणि समजतो कीं नांव आतां आपल्या मालकीचें झालें. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं आम्हीं गेल्या पावणेदोनशें वर्षांतील कांहीं निवाडे चाळले. कायद्याचीं पुस्तकें रुक्ष असतात असा आमच्या शिक्षकवर्गांत समज आहे. परंतु या विषयावरील निवाड्यांत हत्ती आहेत, कोंबड्या आहेत, तपकीर आहे, हलवा आहे, आणि एका खटल्यांत तर आमच्या मुंबईचा बाजारच लंडनच्या न्यायासनापुढें येऊन उभा राहिला आहे.

मालावर खूण करण्याची चाल फार जुनी. युरोपांतील कारागिरांच्या जुन्या संघांतून प्रत्येकास आपल्या कामावर खूण करावी लागे. पण ती हक्काची खूण नव्हे, जबाबदारीची होती. माल वाईट निघाला तर कोणास धरावयाचें हें कळावें, एवढाच तिचा हेतु. पुढें व्यापार वाढला, माल करणारा आणि विकत घेणारा यांच्यामध्यें शेंकडों कोसांचें अंतर पडलें, आणि जी खूण पूर्वीं कारागिराच्या गळ्यांतील लोढणें होती तीच त्याची दौलत झाली. दौलत आली कीं चोर आलाच. इंग्लंडांतील कोर्टांनीं या चोरीकडे प्रथम लबाडी म्हणून पाहिलें. प्रतिवादीनें जाणूनबुजून फसविलें असेल तर त्यास शासन, नाहीं तर नाहीं, असा सुमारें रोख होता. १८३८ सालीं मिलिंग्टन विरुद्ध फॉक्स या खटल्यांत तो बदलला. पोलादावर वादीच्या घराण्याच्या खुणा प्रतिवादींनीं उमटविल्या होत्या. आणि त्या कोणाच्या मालकीच्या नसून पोलादाच्या एका जातीचीं नांवें आहेत, असें त्यांस प्रामाणिकपणें वाटत होतें. लॉर्ड कॉटनहॅम यांनीं त्यांचा प्रामाणिकपणा मान्य केला आणि तरीही मनाई हुकूम दिला. म्हणजे दुसऱ्याच्या मनांत पाप असो वा नसो, खुणेचें रक्षण झालें पाहिजे, असें ठरलें. खूण ही एक प्रकारची मालमत्ता आहे, ही कल्पना येथें रुजली.

मालमत्ता म्हटली कीं तिला सातबारा हवा. तो १८७५ च्या कायद्यानें इंग्लंडांत सुरू झाला, आणि १८७६ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस पहिल्या क्रमांकावर बास नांवाच्या दारूच्या कारखान्याचा तांबडा त्रिकोण नोंदला गेला. चित्रकार माने याच्या १८८२ च्या प्रसिद्ध चित्रांत पॅरिसच्या एका मद्यगृहाच्या फळीवर ज्या बाटल्या मांडलेल्या आहेत त्यांवर हाच त्रिकोण दिसतो. कलेच्या इतिहासांत व्यापारी छापानें असा चोरपावलानें प्रवेश केलेला पाहून आम्हांस नेहमींच मौज वाटते.

परंतु आम्हांला ज्या खटल्याबद्दल विशेष सांगावयाचें आहे तो त्याच १८८२ सालचा. स्कॉटलंडांतील ऑर युइंग आणि कंपनी लाल रंगाचें सूत तयार करून हिंदुस्थानांत पाठवीत असे. या रंगास तिकडे ‘तुर्की लाल’ म्हणत. मुंबई आणि एडन या बाजारांत या सुताला मोठी मागणी होती. प्रत्येक गठ्ठ्यावर एक कागदी तिकीट चिकटविलेलें असे आणि त्या तिकिटावर दोन हत्तींचें चित्र असे. इंग्रजी अक्षरें वाचूं न शकणाऱ्या गिऱ्हाइकासाठीं चित्र छापावें हें शहाणपण विलायती व्यापाऱ्यांस फार लवकर सुचलें होतें. आमच्या घरांतील जुन्या पेटाऱ्यांत अजूनही कधीं कधीं कापडाच्या ठाणांवरचीं तीं रंगीत तिकिटें सांपडतात; त्यांवर देव आहेत, वाघ आहेत, राजे आहेत, आणि पाठविणाऱ्या गोऱ्या सौदागराचें नांव कोपऱ्यांत कोठें तरी बारीक अक्षरांत आहे.

पुढें जॉन्स्टन आणि कंपनी या दुसऱ्या पेढीनेंही तसलेंच लाल सूत त्याच बाजारांत पाठविण्यास प्रारंभ केला आणि त्यावर आपलें तिकीट लाविलें. त्यांतही दोन हत्ती होते. चित्राची मांडणी निराळी होती, तपशील निराळे होते. दोन्हीं तिकिटें शेजारीं शेजारीं ठेवलीं तर शाळेंतल्या मुलानेंही फरक दाखविला असता. शिवाय ज्या व्यापाऱ्यांनीं थेट पेढीकडून माल घेतला ते कांहीं फसले नव्हते. आपण कोणाकडून काय घेतों हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. मग तक्रार कसली?

तक्रार ही होती कीं मुंबईच्या बाजारांत ऑर युइंगच्या सुताला कोणी ऑर युइंगचें सूत म्हणतच नव्हतें. तें नांव उच्चारण्याची यातायात कोण करणार! गुजराथी व्यापाऱ्यांच्या बोलींत त्याचें नांव पडलें होतें ‘बे हाथी’, म्हणजे दोन हत्ती. मालकानें हें नांव ठेवलें नव्हतें, तिकिटावर तें छापलें नव्हतें, कोणत्याही वहींत नोंदलें नव्हतें. तें गिऱ्हाइकानें ठेवलें होतें. आणि दुसऱ्याच्या गठ्ठ्यावरही दोन हत्ती दिसूं लागल्यावर ‘बे हाथी’ मागणाऱ्या विणकराच्या पदरांत कोणतें सूत पडेल याचा भरंवसा राहिला नव्हता. लॉर्डांच्या सभेनें हें म्हणणें उचलून धरलें. माल प्रथम कोण घेतो एवढेंच पाहून भागत नाहीं, तो शेवटीं ज्याच्या हातीं जातो तो साधा मनुष्य सामान्य सावधगिरी ठेवूनही फसण्याचा संभव आहे कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. आणि प्रत्यक्ष कोणी फसल्याचा दाखला मिळालाच पाहिजे असेंही नाहीं, असें लॉर्ड सेल्बोर्न यांच्या निवाड्याचें सार आहे.

वेस्टमिन्स्टरच्या त्या भव्य दिवाणखान्यांत, केसांचे टोप घातलेल्या वकिलांनीं ‘बे हाथी’ हे दोन शब्द कसे उच्चारले असतील, याची कल्पना करून हसूं येतें. परंतु हसणें आवरून विचार केला तर या निवाड्याची दुसरी बाजूही दिसते. त्या विणकराची बोली पुराव्यांत आली खरी, पण दाद मिळाली ती कारखानदाराला. ज्या सुतानें या देशांतील कातणाऱ्यांचा आणि रंगाऱ्यांचा धंदा बसविला, त्याच सुताच्या इभ्रतीचें रक्षण करण्यासाठीं आमच्या बाजारांतील भाषा राबविली गेली. तथापि तत्त्व तेथें जन्मलें तें जन्मलें. नांवाचा अर्थ मालकाच्या मनांत काय आहे हें पाहूं नये, तें नांव ऐकून घेणाऱ्याच्या मनांत काय येतें तें पाहावें, हें तत्त्व पुढें खुद्द आमच्या स्वतंत्र देशाच्या कोर्टांनीं आमच्याच कारखानदारांसाठीं आणि आमच्याच गिऱ्हाइकांसाठीं वापरलें.

ही कोर्टें त्या तत्त्वापर्यंत येण्यास बराच काळ लागला. १८६० च्या पीनल कोडांत खोट्या छापाबद्दल शिक्षा होती, १८८९ सालीं मालावरील खुणांचा आणखी एक फौजदारी कायदा झाला. पण नांव नोंदण्याची वही मात्र येथें नव्हती. मुंबईचा व्यापारी मग काय करी? घरें-जमिनींचे दस्तऐवज जेथें नोंदले जात त्या कचेरींत जाऊन, अमुक छाप माझा आहे, असें प्रतिज्ञापत्र नोंदवून ठेवी आणि वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देई. युक्ति गमतीची होती. तिनें हक्क उत्पन्न होत नसे, फक्त ‘मी आधीं बोललों होतों’ एवढा पुरावा राही. १९४० सालीं नोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९४२ पासून तो अमलांत आला. त्याच्या जागीं १९५८ चा आला. आज चालूं आहे तो १९९९ चा, २००३ पासून.

आतां निवडीचा प्रश्न. आमचा एक जुना विद्यार्थी कोंकणांत सरबतांचा धंदा काढीत होता. त्यानें नांव योजलें ‘शुद्ध कोकम’, आणि तें नोंदविण्यास कोणती अडचण यावी असें त्यानें आम्हांस विचारलें. अडचण हीच कीं नांव फार चांगलें होतें! मालाचा गुण आणि मालाची जात सांगणारें नांव दुकानदारास सर्वांत गोड वाटतें, कारण तें स्वतःच जाहिरात करतें. कायद्यास तें सर्वांत नावडतें, कारण तें जाहिरातीचे शब्द बाकीच्यांपासून हिरावून घेतें. शुद्ध कोकम विकणाऱ्या दुसऱ्या मनुष्यानें आपल्या बाटलीवर मग काय लिहावें? उलट ज्या शब्दास अर्थच नाहीं तो कायद्याचा लाडका. ईस्टमन कंपनीनें छायाचित्राच्या कागदास दिलेलें ‘सोलिओ’ हें नांव १८९८ सालीं लॉर्डांच्या सभेनें नव्यानें घडविलेला शब्द म्हणून नोंदण्यास योग्य ठरविलें. याच घराण्याचें दुसरें अपत्य ‘कोडॅक’. त्याचाही कोणत्याच भाषेंत कांहीं अर्थ नाहीं, आणि म्हणूनच तें कॅमेऱ्यावांचून दुसऱ्या कशाची आठवण करून देत नाहीं.

गांवाच्या नांवाचेंही तसेंच. सिगारेटीस ‘सिमला’ हें नांव द्यावें अशी इंपीरियल टोबॅको कंपनीची इच्छा होती. १९७७ सालीं कलकत्त्याच्या हायकोर्टानें ती अमान्य केली. एवढ्या प्रसिद्ध शहराचें नांव एकाच कंपनीच्या पदरांत टाकतां येत नाहीं. देवाधर्माच्या नांवांविषयीं आमच्या लोकांस फार प्रेम. उदबत्तीस ‘रामायण’ हें नांव घेऊन एक व्यापारी थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि २०१५ सालीं त्यास उत्तर मिळालें कीं पवित्र ग्रंथाच्या नुसत्या नांवावर कोणासही एकट्याचा हक्क सांगतां यावयाचा नाहीं. आमच्या मतें हा निकाल यथायोग्य आहे.

तरी या नियमालाही पुन्हा गिऱ्हाईकच अपवाद करतें. मँचेस्टरच्या रेडवे नांवाच्या कारखानदाराच्या, यंत्रांना लागणाऱ्या पट्ट्यांचें नांव होतें ‘उंटाच्या केसांचे पट्टे’. त्याच्याकडची नोकरी सोडून गेलेल्या बॅनहॅमनें तसेच पट्टे त्याच नांवानें विकावयास काढले. पट्टे उंटाच्या केसांचे होते हें खरें. मग खरें बोलण्यास कोण हरकत घेणार? परंतु १८९६ सालीं लॉर्डांच्या सभेनें सांगितलें कीं हे शब्द ऐकतांच बाजारांतील मनुष्यास उंट आठवत नाहीं, रेडवे आठवतो. तेव्हां स्वतःचा माल निराळा आहे हें स्पष्ट केल्यावांचून ते वापरणें म्हणजे सत्याच्या तोंडून असत्य वदविणें होय. आमच्याकडील पार्ल्याचेंही असेंच नव्हे काय? १९२९ सालीं ज्या उपनगरांत कारखाना निघाला त्याचेंच नांव कंपनीनें घेतलें, आणि आज महाराष्ट्राबाहेरील कोट्यवधि लोकांस पार्लें हें एक गांव आहे याची वार्ताही नाहीं.

या कंपनीचाच एक खटला १९७२ सालीं सुप्रीम कोर्टांत निकालांत निघाला. तिच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर एक मुलगी, गाई आणि कोंबड्या असें शेतवाडीचें चित्र होतें. म्हैसुरांतील एका कारखान्याच्या वेष्टनावरही मुलगी, गाई आणि कोंबड्या होत्या. खालच्या कोर्टांनीं दोन्हीं वेष्टनें समोर ठेवून फरक मोजले: एकीच्या हातीं पाण्याची बादली, दुसरीच्या डोक्यावर गवताचा भारा. वरच्या कोर्टानें ती मोजदादच बाजूस सारली. आज एक पुडा पाहिलेल्या मनुष्यास उद्यां दुसरा दाखविला तर तो पहिलाच म्हणून घेईल कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर होकारार्थी आहे, असें ठरलें. दोन हत्तींचा न्याय तो हाच.

डोळ्यांपेक्षां कानाचा मामला अधिक नाजूक. लाहोरांत १९०१ च्या सुमारास ‘अमृतधारा’ हें औषध निघालें आणि उत्तर हिंदुस्थानांत घरोघर गेलें. फाळणीनंतर तो कारखाना डेहराडूनला आला. उत्तर प्रदेशांत १९२३ पासून ‘लक्ष्मणधारा’ नांवाचें तसेंच औषध खपत होतें. १९५० सालीं तें नांव नोंदण्यासाठीं अर्ज आला आणि तंटा लागला. अलाहाबादच्या हायकोर्टानें व्युत्पत्ति पाहिली: एक अमृताची धारा, दुसरी लक्ष्मणाची, कोणताही हिंदी मनुष्य यांत घोटाळा करणार नाहीं. भाषेचा अध्यापक म्हणून आमचें मत विचारलें असतें तर आम्हीही बहुधा हेंच सांगितलें असतें. परंतु १९६२ सालीं सुप्रीम कोर्ट म्हणालें कीं पोट दुखत असतां औषध आणावयास गेलेला खेडूत नांवाचा पदच्छेद करीत बसत नाहीं. त्यास एक ध्वनि अर्धामुर्धा आठवत असतो, आणि त्या आठवणींत हीं दोन नांवें एकमेकांत मिसळण्याजोगीं आहेत. तथापि अमृतधारावाले इतकीं वर्षें स्वस्थ बसले होते. म्हणून दुसऱ्या नांवास उत्तर प्रदेशापुरती मोकळीक मिळाली. हक्क असून गप्प बसणाऱ्याचा हक्क असा थोडा थोडा झिजतो.

मद्रासकडील एका तपकिरीचा छाप होता ‘श्रीअंबाळ’, तर दुसऱ्यास हवा होता ‘श्रीआंडाळ’. अंबाळ ही जगदंबा, शिवाची अर्धांगी. आंडाळ ही विष्णूची परमभक्त वैष्णव संत. दोघींत गोंधळ करणाऱ्यास द्राविड देशांत कोणी ओसरीवरही घेणार नाहीं. कोर्टानें हा भेद मान्य केला आणि तरीही १९६९ सालीं दुसऱ्या नांवाची नोंदणी नाकारली, कारण तपकिरीच्या दुकानांत चिमटीसाठीं हात पुढें करणाऱ्याच्या तोंडून दोन्हीं नांवें जवळजवळ सारखींच निघतात. शैव-वैष्णवांचें ऐक्य ज्या विद्वानांस साधलें नाहीं तें तपकिरीनें साधलें म्हणावयाचें!

इतर कोणत्याही नांवापेक्षां ज्यावर मनुष्याचा हक्क निर्विवाद वाटतो तें म्हणजे आडनांव. १८५३ सालच्या बर्जेस विरुद्ध बर्जेस या खटल्यांत मासळीचा मसालेदार रस विकणाऱ्या बापाच्या पेढीसमोर मुलानें आपलें स्वतंत्र दुकान थाटलें आणि बापाचेंच, म्हणजे आपलेंही, नांव बाटल्यांवर घातलें. बाप कोर्टांत गेला. लोणचीं-मसाले करण्याचा अधिकार राणीच्या सर्व प्रजाजनांस आहे, बापानें तो वापरला म्हणून मुलाचा कमी होत नाहीं, असें मिस्किलपणें सांगून न्यायमूर्तींनीं बापास परत पाठविलें. महाराष्ट्रांत याच प्रश्नाचें उत्तर निराळें आलें. बेळगांवांत १८८८ सालीं सायकलींच्या दुकानानें आरंभ केलेलें आणि १९१० पासून किर्लोस्करवाडीस नांगर, पंप, एंजिनें यांनीं गाजलेलें किर्लोस्कर हें नांव त्याच आडनांवाच्या व्यक्तीशीं संबंध असलेल्या दुसऱ्या एका कंपनीनें लाविलें, तेव्हां १९९५ सालीं मुंबई हायकोर्टानें त्या कंपनीस मनाई कायम केली. मनुष्यास आडनांव जन्मानें चिकटतें, त्याचा त्यास इलाज नाहीं. कंपनीस तें कोणी चिकटवीत नाहीं, ती निवडते. हा युक्तिवाद आम्हांस पटतो. तरीपण एखाद्या घराण्यांतील धाकट्या भावानें घराण्याचा धंदा घराण्याच्या नांवावांचून करावयाचा, यांतील व्यथा कायद्याच्या भाषेंत सांगतां येणारी नव्हे.

मघांच्या विद्यार्थ्यानें पुढें दुसरें नांव योजलें आणि त्या नांवाची कंपनी नोंदवून प्रमाणपत्र चौकटींत बसविलें. सुशिक्षित घरांतही हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून दोन ओळी खर्चितों. कंपन्यांचा रजिस्ट्रार एक काम करतो, छापांचा रजिस्ट्रार दुसरें. पहिल्यानें दिलेलें नांव दुसऱ्याच्या वहींत आधींच एखाद्याच्या छापाशीं फार जुळत असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें तो छापवाला तीन वर्षांच्या आंत अर्ज करून तें बदलावयास लावूं शकतो. छापांच्या वहींत मालाचे आणि सेवांचे मिळून पंचेचाळीस वर्ग आहेत. अर्ज जाहीर झाल्यावर चार महिने कोणासही हरकत घेतां येते. नोंदणी दहा वर्षांची आणि पुढें कितीही वेळां वाढवितां येण्याजोगी. नांव नोंदवून पांच वर्षांहून अधिक काळ वापरलेंच नाहीं तर तें वहींतून काढून टाकतां येतें.

आणि एवढें सारें करूनही नोंदणी हा शेवटचा शब्द नव्हे. १९९९ च्या कायद्याच्या ३४ व्या कलमांत स्पष्ट आहे कीं नोंदणी करणाऱ्याच्या आधींपासून जो तें नांव वापरीत आला आहे त्यास तो अडवूं शकत नाहीं. या कलमाचा आणि जुन्या न्यायाचा कस लागला तो तिरुनेल्वेलीच्या एका मिठाईच्या दुकानाच्या खटल्यांत. नेल्लैअप्पर देवळाजवळचें हें दुकान विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचें. तेथें गव्हाचा हलवा मिळे आणि उजेड मिळत नसे. संध्याकाळीं एका मिणमिणत्या दिव्याखालीं विक्री चाले. लोक त्यास ‘इरुट्टुकडै’ म्हणूं लागले. तामिळ भाषेंत त्याचा अर्थ अंधारें दुकान. कोणता मालक आपल्या दुकानास हें नांव देईल! परंतु हलव्यासाठीं गांवोगांवचे लोक येत ते हेंच नांव विचारीत येत, आणि कालांतरानें मालकांनींही तें पत्करून नोंदविलें. मग दुसऱ्या एका मिठाईवाल्यानें आपल्या नांवापुढें ‘इरुट्टुकडै’ जोडलें आणि त्यानेंही नोंदणी मिळविली. दोघांजवळही सरकारी कागद होते. २०१५ सालीं सुप्रीम कोर्टानें कागद बाजूस ठेवले आणि आधीं कोण वापरीत होतें, लोक कोणाचा हलवा समजून घेत होते, एवढें पाहून जुन्या दुकानाच्या बाजूनें निकाल दिला.

मुंबईच्या ‘बे हाथी’स दरबारी वहींत जागा मिळाली नव्हती, या अंधाऱ्या दुकानास मिळाली आहे. गिऱ्हाइकांनीं थट्टेनें ठेवलेलें तें नांव आतां तीस क्रमांकाच्या वर्गांत, मिठाईच्या सदराखालीं येतें, आणि मालकांनीं दर दहा वर्षांनीं फी भरून तें पुन्हा नवें करावयाचें असतें.